निळीच्या रांजणाचे झाकण

फार फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की त्या राज्याचे नाव सांगणारेही आता कुणी उरलेले नाही. त्या राज्यात नदीकाठी एक गाव होते आणि गावात एक रंगारीण राहत होती. तिच्या घरात जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला एक रांजण होता. निळीचा.

निळीचा रांजण म्हणजे नुसते रंगाचे पाणी नव्हे. ते जिवंत असते. त्याला गूळ लागतो, चुना लागतो, टाकळ्याचे उकडलेले बी लागते, ऊब लागते. आणि हे सगळे मोजके, वेळच्या वेळी लागते. नीट पोसला तर रांजण पिढ्यान्‌पिढ्या चालतो. हा रांजण रंगारणीच्या सासूच्याही सासूने लावलेला होता. गावात मूल जन्मले, की बाराव्या दिवशी याच रांजणात बुडवलेल्या दुपट्यात गुंडाळून त्याला पाळण्यात घालायचे, अशी रीत होती.

रंगारीण स्वभावाने फार भली. नाही म्हणणे तिच्या जिवावर यायचे. तिच्या घराला दार होते, पण ते लावलेले कधी कुणी पाहिले नव्हते. ज्याला कापड रंगवायचे असेल तो सरळ आत यायचा, झाकण काढायचा आणि आपले कापड आपणच बुडवायचा. कोष्ट्याला रंग फिका वाटला, त्याने मूठभर चुना टाकला. तेलिणीला रांजण गार वाटला, तिने त्याच्या भोवती निखारे रचले. शेजारच्या आजोबांना वाटले, बिचारा रांजण उपाशी दिसतो. त्यांनी गुळाचा खडा सोडला. आदल्याच दिवशी कुणीतरी गूळ घातला होता, हे त्यांना कुठून कळणार? सगळे मायेनेच चालले होते, हीच तर पंचाईत.

एके सकाळी गावातली तरुण कुंभारीण आली. तिला सातवा महिना होता. याआधी दोनदा दिवस राहूनही तिची कूस रितीच राहिली होती, आणि गावात ते सगळ्यांना ठाऊक होते. तिने आपल्या जुन्या, मऊ झालेल्या लुगड्याचे दुपटे शिवून आणले होते. ती म्हणाली, "काकू, मूल झालं की बाराव्या दिवशी एवढं निळं करून द्या. या खेपेला सगळी रीत पुरी व्हावी, इतकंच मनात आहे."

रंगारणीने दुपटे कपाळाला लावले आणि शब्द दिला.

त्यानंतर आठच दिवसांत रांजण मेला. जिवंत रांजणावर तांब्यासारखी चकाकती साय असते. ती फाटून गेली होती. पाणी राखाडी झाले होते आणि घरभर कुजका वास सुटला होता. रंगारणीने चिंधी बुडवून पाहिली, तर ती भांडी विसळलेल्या पाण्यासारखी निघाली. तिने घरोघर जाऊन विचारले, कुणी काय घातले. प्रत्येकाने खरे तेच सांगितले. एकानेही वाईट केले नव्हते आणि सगळ्यांनी मिळून रांजण मारला होता. बिचारी रांजणाशी बसून खूप रडली. तिला सारखे ते मऊ दुपटे आठवत होते.

आता एकच आशा होती. दोन गावे पलीकडे तिची आत्येसासू राहायची. सगळे तिला आत्याबाई म्हणत. आत्याबाई लग्न होऊन गेली तेव्हा याच रांजणातली एक घागर विरजणासारखी सोबत घेऊन गेली होती, आणि तिचा रांजण अजून जिवंत होता. रंगारीण तिच्याकडे गेली.

तिथले सगळे वेगळेच होते. ओट्यावर एक खिडकी होती. लोक खिडकीतून कापड देत, रंग केवढा गडद हवा ते सांगत आणि गप्पा मारत ओट्यावर बसून राहत. रंगारणीला मात्र आत माजघरात नेले, गरम भाकरी वाढली. पण ती रांजण बघायला उठली, तेव्हा आत्याबाईने तिला हाताने थांबवले आणि स्वतः आत जाऊन घागर भरून आणली.

रंगारीण घरी परतली ती मनाशी पक्के ठरवूनच. तिने नवा रांजण लावला, त्यात ते विरजण घातले आणि खोलीला कुलूप ठोकले. किल्ली कमरेला खोचली. ओट्याचे दारही लावून घेतले. कापड आणणाऱ्यांना तिने बाहेरूनच परत पाठवले. आपण आता परके झालो, असे गाव म्हणू लागले. तिला वाईट वाटायचे, पण ती ढिम्म हलली नाही. रांजणाला काय घालता, कधी घालता, हे तिच्या स्वतःच्या सुनेने विचारले, तर तिलाही, मी आहे ना, एवढेच उत्तर मिळाले.

रांजण जगला. त्यावर साय धरली. यथावकाश कुंभारणीला मुलगी झाली.

आणि चौथ्या दिवशी रंगारीण तापाने फणफणली. तिला शुद्ध राहिना. तीन दिवस वाट बघून सुनेने सासूच्या कमरेची किल्ली काढली आणि खोली उघडली. रांजण उपाशी होता. साय विरत चालली होती. शेजारी गूळही होता आणि चुनाही होता, पण किती घालायचा, हे त्या पोरीला कुणी सांगितलेच नव्हते. घालायची भीती, न घालायचीही भीती. ती शहाणी, तिने काहीच न घालता आत्याबाईला निरोप धाडला.

आत्याबाई बैलगाडीने तातडीने आली. तिने बोटावर थेंब घेऊन हुंगला आणि सुनेलाच पुढे बसवले. गूळ किती, बी किती, ढवळायचे कसे, हे सगळे तिच्याच हातून करून घेतले.

दहाव्या दिवशी रंगारणीचा ताप उतरला. तिने डोळे उघडले आणि पहिल्यांदा रांजणाचेच विचारले. जिवंत आहे, असे कळल्यावर तिला रडू फुटले. म्हणाली, "आत्याबाई, तुमच्याकडं बंद दारं पाहिली, म्हणूनच मी बंद केली. मग माझं चुकलं कुठं?"

"माझ्याकडं बंद काहीच नव्हतं, पोरी," आत्याबाई तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली. "खिडकी सगळ्या गावाला होती. माजघर घरच्यांना होतं. रांजणाची सगळी माहिती माझ्या सुनांना आहे. फक्त झाकणावर एका वेळी एकच हात. तू आधी घराला दारच ठेवलं नाहीस, आणि मग ठेवलीस ती नुसती भिंत."

बाराव्या दिवशी सुनेने ते मऊ दुपटे रांजणात बुडवले. बाहेर काढले तेव्हा ते हिरवट होते. वारा लागला तसे ते हळूहळू निळे झाले. पण रांजण अजून अशक्त होता, त्यामुळे रंग जवसाच्या फुलाइतका फिका उमटला. रंगारणीला मान वर करवेना. कुंभारणीने लेकीला त्यात गुंडाळले आणि म्हणाली, "काकू, तुम्ही उठून बसलात, हिला निळं दुपटं मिळालं. मला आणखी काय हवं?"

पुढच्याच आठवड्यात ओट्याच्या भिंतीला खिडकी झाली. किल्ली माजघरातल्या खुंटीवर आली. शेजारचे आजोबा सवयीने आत शिरायला निघाले, तर सुनेने त्यांना अदबीने खिडकीशी बसवले आणि विचारले, "आजोबा, उपरणं किती गडद करू?" आजोबा दोन आठवडे फुगून बसले. मग उपरणे हातात पडल्यावर कबूल झाले, की एवढ्या वर्षांत असा रंग चढला नव्हता, आणि आपल्याला कसा हवा, हे कुणी विचारलेही नव्हते.

ती कुंभाराची लेक मोठी झाली. तिच्या लेकरांची दुपटीही त्याच रांजणातून निघाली, चांगली गडद निळी.

तात्पर्य: खिडकी कुणासाठी, माजघर कुणासाठी आणि झाकण कुणाच्या हाती, हे जो वेळीच ठरवतो, त्याच्याच हातून सगळ्यांना पुरेल असे देणे घडते.