दोनशे पानांची पंगत

भोकरवाडीच्या देवळात दोनशे माणसं अडकली होती! गावाच्या उत्तरेला रातोळीच्या राजाची फौज, दक्षिणेला हिरडगडच्या राजाची, आणि मधे गाव. डोकं बाहेर काढलं की दोन्हीकडून बाण! देवळातला दाणागोटा परवाच संपला होता.

तिथून कोसभरावर, आमराईतल्या शामियान्यात, पाच राजांची शांततेसाठी सभा चालली होती. आज आठवा दिवस. लढणारे दोघेही सभेत होते बरं का, मांडीला मांडी लावून!

"आधी त्यांनी फौज हलवावी," रातोळीकर म्हणत.

"आधी त्यांनी!" हिरडगडकर म्हणत.

आणखी दोन राजे "विषय मोठा नाजूक" असं म्हणून विडा लावत. बासुंदीत वेलदोडा हवा की जायफळ, यावरसुद्धा या मंडळींचं एकमत नव्हतं. यजमान सुजानगडचे महाराज पार वैतागले होते.

त्यांच्या मुदपाकखान्यात हौसा नावाची वाढपीण होती. माहेर भोकरवाडीचं. त्या सकाळी ती थेट महाराजांपुढे उभी राहिली.

"सरकार, माझी आई देवळात आहे. दोन दिवस पोटात अन्न नाही तिच्या. काहीतरी करा!"

"अगं, आम्हा पाचांचं एकमत होईल तर करू ना!" महाराज खेकसले. "तूच करून दाखव, आज दुपारच्या जेवणाआधी! जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर पुन्हा तोंड उघडायचं नाही!"

"मग आजची पंगत मी मांडते, सरकार. तुमच्या घराण्याच्या रीतीनं."

"मांड की!" घराण्याची रीत म्हटलं की महाराजांची छाती फुगायची.

दुपारी राजे हातपाय धुऊन आले आणि बघतच राहिले. पाच चंदनी पाट, आणि समोर आंब्यांखाली दोनशे पानं! मिठापासून पुरणपोळीपर्यंत सगळं वाढलेलं. रातोळीकरांनी बसल्या बसल्या पोळीला हात घातला.

"थांबा!" हौसा म्हणाली. "सुजानगडची रीत आहे. ज्यांच्यासाठी सभा, त्यांची पानं मानाची. ते बसल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. होय ना, सरकार?"

महाराजांना मान डोलवावीच लागली. सात पिढ्यांची रीत! "होय."

"मग आहेत कुठं ती माणसं?" हिरडगडकर ओरडले.

"तुमच्या दोघांच्या फौजांच्या मधे!"

पहिला घास घेईल त्याला पाच राज्यांत हावरा म्हणतील, म्हणून जो तो दुसऱ्याच्या हाताकडे बघत बसला. एक घटका गेली. दुसरी गेली. पोळ्या निवल्या, तूप थिजलं. कुणाचं तरी पोट असं गुरगुरलं की बाहेरचा माहूत आत डोकावला. शेवटी पाचही राजे एकदम ओरडले, "आणा त्यांना!"

"झालं एकमत, सरकार!" हौसा म्हणाली.

घोडेस्वार सुटले. फौजा बाजूला झाल्या. पोरंबाळं कडेवर घेऊन दोनशे माणसं आली आणि पानांवर बसली. आईचे खोल गेलेले गाल पाहून हौसाला रडू फुटलं. रडत रडतच तिनं आईच्या पोळीवर तूप ओतलं.

राजांची पानं बघता बघता चाटूनपुसून झाली. "चला! आता फौजा परत जागेवर!" म्हणत रातोळीकर उठायला लागले.

"बसा, महाराज! पंगतीतून एकट्यानं उठत नाहीत. माझी आई जेवतेय अजून."

सगळ्यांनी वळून पाहिलं. म्हातारीच्या तोंडात एकही दात नव्हता. पहिल्याच पोळीचा तुकडा ती दुधात भिजवून घोळवत होती.

"आजीबाई, किती वेळ?" हिरडगडकरांनी विचारलं. त्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या.

"लागंल तेवढा लागंल, बाबा! मला कुठं घाई हाय? घरी गेलं की तुमचे बाण! दोघं बी फौजा घेऊन आपापल्या गावाला जा. पुन्हा येणार न्हाई, असं लिहून द्या. आन् आलात तर हे तिघं मिळून तुम्हाला हुसकतील, असं त्यांनी बी लिहून द्यावं. मग बघा, कशी टुणकन उठते!"

उन्हं कलली. म्हातारीनं दुसरा तुकडा भिजवला. तशी दोन्ही राजांनी एकाच वेळी दौत मागवली! तह लिहिला गेला, पाच शिक्के उमटले, आणि म्हातारी खरंच टुणकन उठली.

महाराज पोट धरधरून हसले. "हौसा, माग काय हवं ते!"

"सरकार, पुन्हा कुठं लढाई पेटली, तर सभेची पंगत माझ्याकडं द्या. आणि अडकलेली माणसं सुटेपर्यंत राजांना पाणीसुद्धा नको!"

"दिली!" म्हणत महाराजांनी हसत हसत हातातलं सोन्याचं कडंही काढून तिला दिलं. बाकीच्या चौघांनी गुडघे चोळत मुकाट्यानं माना डोलावल्या.