गिऱ्हाईक आलं की तुम्ही बाहेर जा

“मग त्यानं करायला काय पायजे, असं म्हणणं हाय तुमचं?”

टेकडीवरच्या मठीत एकट्या राहणाऱ्या सुंद्राक्कांनी विचारलं तेव्हा त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मान काही त्यांनी वर केली नाही.

समोर श्रीरंगराव म्हैसाळकर गाऱ्हाणं घेऊन बसले होते. टेकडी चढून आल्यामुळे लागलेली धाप अजून गेली नव्हती, आणि रागही गेला नव्हता.

“काय पाहिजे म्हणजे? माझं घर विकायला घेतलंय त्यानं. माझा एजंट आहे तो. त्यानं माझ्या बाजूनं असावं की नको?”

“असावं की.”

“आणि तो मलाच माझ्या घरातून बाहेर काढतो! गिऱ्हाईक येणार आहे, साहेब, तुम्ही जरा फिरून या म्हणतो. आत्ता, या घडीला, माझ्या घरात परकी माणसं हिंडताहेत आणि मी इथं बसलोय.”

अक्कांच्या हातात एक शेंग फुटली.

श्रीरंगराव पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. कृष्णाकाठच्या त्या गावात त्यांचं घर कुणालाही विचारा, लगेच दाखवतील. आख्ख्या गल्लीत सगळ्यांत उंच जोतं त्यांचं. घर बांधताना लोक हसले होते, एवढ्या पायऱ्या कुठल्या देवळाला म्हणून. मग मोठा पूर आला. सगळी गल्ली पाण्यात गेली आणि श्रीरंगरावांच्या वरच्या पायरीवर हसणाऱ्यांचीच अंथरुणं पडली. त्या दिवसापासून त्यांनी कुणाचं ऐकायचं सोडून दिलं, ते आजतागायत.

आता त्याच पायऱ्या त्यांच्या पत्नीला, वत्सलाबाईंना, चढवत नव्हत्या. गुडघ्यांनी दावा साधला होता. दिवाळीत बेळगावला लेकीकडे म्हणून गेल्या त्या तिकडेच राहिल्या. घर विकलं तर तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा घेता येणार होती. ते विकलं जात नव्हतं, म्हणून म्हातारा इकडे आणि म्हातारी तिकडे. रोज संध्याकाळी फोनवर ती विचारायची, “कुणी आलं होतं का हो बघायला?” हल्ली तिने विचारणंच सोडलं होतं. श्रीरंगरावांना ते फार लागलं होतं, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

“काय नाव म्हणालासा त्याचं?” अक्कांनी विचारलं.

“दिलावर. दिलावर मुजावर.”

“चोर हाय?”

“चोर नाही हो.”

“लबाड?”

“छे! लबाड असता तर परवडला असता. पहिल्याच दिवशी घर बघितलं आणि तोंडावर म्हणाला, साहेब, तुम्ही सांगताय ती किंमत येणार नाही. आसपासची दोन घरं कशी गेली ते पुराव्यानिशी दाखवलं.”

“खोटं निघालं?”

श्रीरंगराव घुटमळले.

“...खरं निघालं. पण असं तोंडावर बोलायचं?”

“त्याच्या आदी कोन होता?”

“त्याच्या आधी एक होता. माणूस काय गोड! तुम्ही मागाल ती किंमत आणून देतो म्हणाला. घर म्हणजे महाल आहे म्हणाला. गेटाला भला मोठा बोर्ड लावून गेला.”

“मग?”

“मग काय? बोर्ड आहे अजून.”

अक्का गालात हसल्या. श्रीरंगरावांना ते दिसलं, पण त्यांचं गाऱ्हाणं अजून संपलं नव्हतं.

“हा दिलावर गिऱ्हाईक परत गेलं की संध्याकाळी मला फोन करतो. काय काय नावं ठेवून गेले, सगळं सांगतो. अमक्याला जिना अरुंद वाटला, तमक्याला मधली खोली अंधारी वाटली. मला काय करायचंय ते ऐकून?”

“काईच दडवत न्हाई?”

“काही म्हणजे काही दडवत नाही. तोच तर ताप आहे! मागच्या भिंतीला पावसाळ्यात थोडी ओल येते, ती त्यानं परस्पर गिऱ्हाइकाला सांगून टाकली. मी म्हटलं, अरे, उन्हाळ्यात कुणाला दिसणार आहे? तर म्हणतो, साहेब, पावसाळा येणारच आहे.”

“आनि कमी पैशाचं गिऱ्हाईक आलं की?”

“मी बजावून ठेवलंय, कमी बोलणाऱ्याचं नावसुद्धा माझ्यापुढे काढायचं नाही. तरी काढतो. त्याच दिवशी काढतो. वर म्हणतो, नाही म्हणायचं तर तुम्ही म्हणा, मी परस्पर कसं म्हणू?”

अक्कांनी फोडलेले दाणे सुपात पाखडले. टरफलं उडून दाराकडे गेली.

“म्हंजे त्यो तुमच्या बाजूनं न्हाई.”

“तेच तर म्हणतोय मी!”

“कुटल्या रावसाहेबाच्या बाजूनं असावा? घर इकायचंय त्याच्या, का घर ठेवायचंय त्याच्या?”

श्रीरंगरावांनी सुपातला एक दाणा उचलला आणि परत ठेवला.

“गिऱ्हाईक आलं की तुम्ही काय करतासा?” अक्कांचा आवाज आता मऊ झाला होता.

“मी? मी घर दाखवतो. दुसरं कोण दाखवणार? पाया किती खोल घेतला, वाळू कुठून आणली, सगळं सांगतो. मग गच्चीवर नेतो. गच्चीच्या एका कोपऱ्यात बादलीभर पाणी ओततो.”

“पानी कशापायी?”

“उतार दाखवायला! पाणी कुठंही न थांबता पार नळीपर्यंत जातं. असा उतार सबंध जिल्ह्यात कुणी काढून दाखवावा!”

“आनि ती मानसं?”

“उभी असतात. पाणी पोचेपर्यंत कुणाला खाली उतरू देत नाही मी.”

अक्कांनी पदर तोंडाला लावला. हसू आवरलं, मग कोपऱ्यातली कळशी उचलून त्या उठल्या.

“बसा हितंच. झऱ्यावरनं पानी घिऊन येते.”

“मी आणतो की!”

“तुम्ही बसा म्हनते न्हवं?”

आणि त्या गेल्या.

श्रीरंगराव एकटे राहिले. खिशातला फोन काढून बघितला. काही नव्हतं. आता ती माणसं मधल्या खोलीत असतील. दिलावरला उताराचं काय कळतंय? जिन्याच्या कठड्याला सागवान वापरलंय, हे तो सांगेल का? एकदा वाटलं, उठावं आणि सरळ घर गाठावं. पण अक्का बसा म्हणाल्या होत्या.

बसले. मठी लहानशीच होती. शेणाने सारवलेली जमीन, एक घोंगडं, एक चूल, भिंतीला एक खुंटी. ऊन दारातून आत सरकलं आणि थेट त्यांच्या डोळ्यांवर आलं, म्हणून त्यांनी घोंगडं ओढून भिंतीकडे घेतलं. टोपी काढून खुंटीला अडकवली. पिण्याच्या पाण्याचं मडकं उन्हात आलं होतं, ते उचलून सावलीत ठेवलं. तरी उकडतच होतं. मागच्या भिंतीत एक लाकडी झडप दिसली, तिच्यापुढे सरपणाची मोळी उभी केलेली. श्रीरंगरावांनी मोळी बाजूला केली आणि झडप ढकलली. आधी ती हललीच नाही. खांदा लावला तेव्हा कुरकुरत उघडली.

गार वारा आत आला. खाली ज्वारीची शिवारं दिसली आणि त्यांच्यापलीकडे नदीचं वळण. श्रीरंगराव भिंतीला टेकून बसले, पाय पसरले आणि सुपातले दाणे खाऊ लागले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या कपाळावरची आठी गेली होती.

दारात सावली पडली.

डोक्यावर भरलेली कळशी घेऊन अक्का उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या.

“आत येऊ का?” त्यांनी विचारलं.

“या की, या! बसा ना,” श्रीरंगराव म्हणाले, आणि घोंगड्यावर सरकून त्यांनी जागाही करून दिली.

अक्का आत आल्या. पाहुण्यासारख्या घोंगड्याच्या कडेला अंग चोरून बसल्या. कळशी मांडीशी धरून ठेवली, जशी काही ती कुठे ठेवायची हे घरच्या माणसाने सांगायला हवं.

श्रीरंगराव दाणा चावायचे थांबले.

त्यांनी खुंटीवरच्या आपल्या टोपीकडे बघितलं. सावलीतल्या मडक्याकडे बघितलं. मग खिडकीकडे.

“अक्का...”

“बोला.”

“तुम्ही इथं असता तर मी हे काहीच केलं नसतं.”

अक्का कळशीवरचं पाणी बोटाने निपटत राहिल्या.

तेवढ्यात फोन वाजला. दिलावर होता. श्रीरंगरावांनी घाईने फोन घेतला, आणि कानाला लावायच्या भरात फोनचा आवाज मोठा झाला. मठीत दोघांनाही सगळं ऐकू येऊ लागलं.

“साहेब, मंडळी आत्ता गेली. सांगू का सगळं?”

“सांगा.”

“आधी एक गोष्ट कानावर घालतो. हे लोक माझ्या मेहुण्याच्या ओळखीचे आहेत. मला ते आल्यावर कळलं. तुम्हाला नंतर दुसरीकडून कळायला नको.”

“बरं.”

“भिंतीच्या ओलीचं सांगितलं. ते म्हणाले, आम्ही बघून घेऊ. पायऱ्यांचं म्हणाल तर उलट आवडल्या. मागच्या पुरात त्यांचं घर पाण्यात होतं. पोरं बराच वेळ पायऱ्यांवरच बसली होती.”

श्रीरंगराव घोंगड्यावर सरळ बसले.

“आणि साहेब, एक माफी मागायचीय. त्या बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि पश्चिमेची खिडकी उघडायला लागल्या. तुम्ही तिला खिळा मारलेला. मी काढला. न विचारता काढला. रागावलात का?”

“मग काय झालं?”

“मग काही नाही. बाई तिथंच उभ्या राहिल्या. नवऱ्याला हाक मारली, म्हणाल्या, इकडे या, इथून नदी दिसते. साहेब, तुम्ही एवढ्या वेळा मला घर दाखवलंत, हे कधी बोलला नाहीत.”

श्रीरंगराव बोलणार काय? घर बांधलं त्या वर्षी वत्सला त्याच खिडकीसाठी त्यांच्या मागे लागली होती. भाकरी करताना नदी दिसेल म्हणायची. त्यांनी तिला सुनावलं होतं, नदी काय बघायची असते? तिच्यापासून जपायचं असतं. धूळ येते, ऊन येतं, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने खिळा ठोकला होता. त्यानंतर तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

पलीकडून दिलावर सांगतच होता. “तुमच्या किमतीपेक्षा थोडं कमी बोलताहेत. माझ्या मते वाईट नाही. पण उद्या अजून एक कुटुंब यायचंय, त्यांनाही दाखवतो. घाई करू नका. वहिनींशी बोला, मग ठरवा. घर तुमचं आहे, साहेब.”

“दिलावरभाई...”

पलीकडे दिलावर चपापला. या माणसाच्या तोंडून भाई त्याने कधी ऐकलं नव्हतं.

“बोला, साहेब.”

“तुम्ही माझ्यासाठी फार केलंत. मी तुम्हाला नाही नाही ते बोललो, आणि तुम्ही ऐकून घेतलंत. माझ्या घराला लोकांनी ठेवलेली नावंसुद्धा तुम्ही माझ्याआधी ऐकलीत. माझ्या ते ध्यानातच आलं नाही... फार उपकार झाले तुमचे.”

“अहो, उपकार कसले? कामच आहे माझं,” दिलावर म्हणाला. तो चांगलाच अवघडला होता. “मग उद्या सकाळी येतो. तेव्हा तुम्ही...”

“मी नसेन घरात,” श्रीरंगराव म्हणाले. “किल्ली शेजारी ठेवतो. गच्चीवर बादलीही ठेवणार नाही.”

दिलावर हसला तो मठीभर ऐकू आला.

फोन बंद झाला तरी श्रीरंगरावांनी तो हातातच धरून ठेवला. डोळे भरून आले होते आणि ते पुसायची त्यांना लाजही वाटली नाही. एक माणूस इतके दिवस आपल्यासाठी राबत होता आणि आपण त्याच्यावर डाफरत होतो. एक बाई जन्मभर आपल्याबरोबर राहिली, तिनं एवढंसं मागितलं होतं.

“वत्सलेला फोन करतो,” ते शेवटी म्हणाले.

“घर इकलं म्हनून?”

“अजून कुठं विकलंय? ...खिडकी उघडली म्हणून.”

अक्कांनी मान डोलावली. कळशी अजून त्यांच्या मांडीशीच होती. श्रीरंगराव लगबगीने उठले, कळशी त्यांच्या हातातून घेऊन चुलीजवळ ठेवली आणि वाकून नमस्कार केला. खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. घोंगडं होतं तिथे ओढलं, मडकं होतं तिथे ठेवलं. दुसऱ्याच्या घरात आपण केलेला पसारा आवरून जावं, एवढी रीत त्यांना होती.

मग त्यांनी सरपणाची मोळी उचलली आणि झडप लावून घ्यायला हात पुढे केला.

“राहू द्या, रावसाहेब,” सुंद्राक्का म्हणाल्या. “उगडीच राहू द्या... जल्म गेला माजा हितं. वारा हिकडनं येतोय, हे मला आज कळलं.”