वेळेआधी सांगितलेला शेवट

वेळ सावलीवरून मोजत, त्या काळातली ही गोष्ट. नदीकाठी एक गाव होतं. ऋतू पालटला की तिथे चित्रकथी येत. रंगीत चित्रं एकेक करून दाखवायची आणि गोष्ट सांगायची, हा त्यांचा धंदा. कोणी देवळापुढे बसे, कोणी वडाखाली, कोणी घाटावर. प्रत्येकाची गोष्ट वेगळी, रोज संध्याकाळी थोडी थोडी, ऋतुभर पुरणारी. सगळे एकाच वेळी सुरू करत, म्हणून यंदा कोणाची गोष्ट धरायची हे आधीच ठरवावं लागे. त्यावरून घराघरांत वाद होत.

येसू आणि गोजरा जिवाभावाच्या मैत्रिणी. दर ऋतूत एकच गोष्ट निवडायच्या, शेजारी बसायच्या. त्या हिवाळ्यात मात्र येसू देवळापुढच्या मोठ्या फडाकडे गेली. तिथे ढोल होते, चित्रांना सोनेरी कडा होत्या. गोजराला घाटावरची म्हातारी आवडली. तिची चित्रं विटलेली होती. गोष्ट होती एका नावाडिणीची. पुरात हरवलेल्या भावाला ती शोधत फिरते.

"चार माणसं तरी असतात का गं तिथे?" येसूने विचारलं.

"चारच असतात. पण काल त्या नावाडिणीचं वल्हं मोडलं, आणि मला घास गेला नाही बघ," गोजरा म्हणाली.

पाणवठ्यावर गोजरा रोज आदल्या संध्याकाळची कथा सांगू लागली. ऐकताना बायका घागरी भरायच्या विसरत. हळूहळू अर्धं गाव घाटाकडे वळलं. देवळापुढच्या गोष्टीबद्दल येसूला कोणी विचारेना. तिच्या पोटात दुखू लागलं. सगळ्यांना गोजराच हवी, मी कोणालाच कशी दिसत नाही?

एके दिवशी ती उठून पलीकडच्या गावी गेली. म्हातारीने मागच्या ऋतूत हीच कथा तिथे सांगितली होती. तिथल्या एका बाईकडून येसूने शेवट विचारून घेतला.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर गोजरा बोलायला लागली, तोच येसू म्हणाली, "कशाला उगाच जीव टांगणीला लावता? भाऊ सापडतो. पण तो तिला ओळखत नाही."

गोजराने घागर उचलली.

"मला ते म्हातारीच्या तोंडून ऐकायचं होतं, येसू," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

तेव्हापासून येसू आली की बायका गोष्टीचा विषयच थांबवत.

ऋतूच्या अखेरच्या संध्याकाळी येसू घाटावर गेली. गोजराने सरकून जागा दिली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. म्हातारीने शेवटचं चित्र वर धरलं. भाऊ होडीत बसला होता आणि बहिणीला विचारत होता, "बाई, पैलतीराला न्यायचं काय घेशील?"

शेवट सगळ्यांना ठाऊक होता, तरी सारा घाट रडला. गोजराने दुसऱ्या बाजूला बसलेल्या बाईचा हात घट्ट धरला. येसूचे डोळे कोरडेच राहिले. ती त्या दोन हातांकडे पाहत होती.

तात्पर्य : हेव्यापोटी दुसऱ्याचा आनंद नासवणाऱ्याला स्वतःचाही आनंद चाखता येत नाही.