सूर्याकडे निघालेला वारा

एका उष्ण समुद्रावर एक वारा राहत होता. पाणी पिऊन पिऊन तो जड झाला होता. एवढं पाणी दुसऱ्या कुठल्याच वाऱ्याकडे नव्हतं, आणि हे तो सगळ्यांना ऐकवीत असे. आकाशाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर जायचं आणि आपलं सगळं पाणी सूर्यापुढे ठेवायचं, एवढी एकच इच्छा त्याने धरली होती.

वाटेत एक बेट लागलं. तिथला झरा आटला होता. चांगुणा नावाची कोळीण रिकामी घागर घेऊन झऱ्याशी बसली होती. अंगाला ओलसर वारा लागताच तिने मान वर केली आणि म्हणाली, "बाबा, घागरभर टाकून जा."

"हे सूर्यासाठी आहे," वारा म्हणाला.

"सूर्याला तहान लागते होय रे?"

वाऱ्याला राग आला. तापलेल्या बेटावरून तो सरळ वर चढला.

चढता चढता गारवा लागला. अंगातली वाफ दिसू लागली. तिचा ढग झाला. ढगाचा डोंगर झाला, डोंगरावर डोंगर. आणखी वर थेंब गोठले. वाऱ्याने मूठ आवळली, पण गारठ्यापुढे ती टिकेना. पाणी बर्फ होऊन सुटलं, खाली जाता जाता वितळलं आणि बेटावर कोसळलं. चांगुणाने घागर भरली आणि ढगाला हात जोडले. वाऱ्याचं नाव कोणी घेतलं नाही.

शेवटी आकाशाचा उंबरठा आला. तिथे थंडी बसली होती.

"उरलंसुरलं ठेव," ती म्हणाली.

"सूर्याकडे रिकाम्या हाताने जाऊ?"

"इथून भरल्या हाताने कोणी वर गेलेलं नाही."

उरल्या ओलाव्याच्या बर्फाच्या बारीक सुया झाल्या आणि गळाल्या. तेव्हा वाट मिळाली.

वर ढग नव्हता, गडगडाट नव्हता. आभाळ काळ्याकडे झुकलेलं निळं, आणि त्यात सूर्य लखलखीत. खाली पृथ्वीची कड वाकलेली दिसत होती. हजारो वारे तिथे संथ फिरत होते. सगळे कोरडे, सगळे हलके. आपण केवढे आणि हे केवढं, ते वाऱ्याला पहिल्यांदाच कळलं. सूर्याने त्याच्याकडे काहीच मागितलं नाही.

एक म्हातारा वारा जवळ आला. म्हणाला, "मी माझं पाणी एका माळाला दिलं. तू कुणाला दिलंस?"

वाऱ्याने खाली मान घातली. म्हणाला, "माझं गळून गेलं."

तात्पर्य: उंच जायचं तर हातातलं सुटणारच. मागणाऱ्याला दिलं तर ते दान होतं. धरून ठेवलं तरी ते जातंच, फक्त दान होत नाही.