रिव्हेटयंत्राची माळ

यंत्रं बोलत असत तेव्हाची गोष्ट. बस बांधणाऱ्या कारखान्यात हवेच्या जोरावर रिव्हेट दाबून पत्रे जोडणारं एक तोरेबाज यंत्र होतं. खंडेनवमीला कारागीर द्वारकाताईंनी त्याला झेंडूची माळ घातली आणि माळेची तार हवेच्या नळीला घट्ट गुंडाळली.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं, तर एकही रिव्हेट पुरता दबेना.

“रिव्हेटच खराब आलेत!” यंत्र गुरगुरलं.

नळी कळवळली, “अरे, तुझ्या माळेनं माझा गळा आवळलाय. हवा पोचणार कशी?”

“माळ निघणार नाही. माझा मान आहे तो!”

द्वारकाताईंनी अर्धवट रिव्हेटवरून बोट फिरवलं. “थकलं बिचारं. भंगारात काढू.”

यंत्र ओरडलं, “ताई, आधी ती तार सोडा!”

तार सुटली, माळ खाली पडली. खाडकन रिव्हेट बसला, पत्र्याला पत्रा घट्ट भिडला. हसून ताईंनी माळ पुन्हा घालायला उचलली.

“राहू द्या,” यंत्र ताठ मानेनं म्हणालं, “माझा मान त्या रिव्हेटवर दिसतोय.”