चौधारीची वेल आणि विसाजीपंतांची पगडी

खाडीकाठी कोंडसावळे नावाचं गाव आहे. नकाशात शोधायला जाऊ नका, नकाशा काढणारे आले तेव्हा नेमकी भरती होती, ते अलीकडूनच परत गेले. त्या गावात लक्ष्मीनारायणाच्या देवळामागे एका झोपडीत वाकळे महाराज राहायचे. त्यांचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. उन्हाळा असो की पावसाळा, अंगावर एकच ठिगळांची वाकळ, म्हणून वाकळे महाराज. ती ठिगळं मोजायला बसलं की दर खेपेला आकडा वेगळा यायचा. दुखणं घेऊन आलेल्या कोणासाठी वाकळीच्या घडीतून खडीसाखर निघायची, कोणासाठी सुंठ. काहींच्या पाठीवरून महाराज नुसताच हात फिरवायचे, आणि बहुतेकांना तोच जास्त लागू पडायचा.

देवळाचं अंगण येसूबाय झाडायची. नवरा तारवावर गेला तो परत आला नाही, पोटी कोणी नाही. सडा, झाडलोट सगळं मनापासून करायची, पण नैवेद्याची वेळ झाली की मागच्या खांबाआड जाऊन उभी राहायची. गावातला जो तो देवासाठी काहीतरी आणायचा, नारळ, केळी, घरचं तूप. हिच्याकडे आणण्यासारखं काही नसायचं.

एका ज्येष्ठात महाराजांनी तिला हाक मारली. वाकळीच्या घडीतून चार बिया काढून तिच्या हातावर ठेवल्या.

“येसूबाय, हे चौधारीचं बी. एका खलाशानं लांबच्या बेटावरून आणलं. देवळाच्या वईला लाव.”

वई म्हणजे कुंपण हो, आमच्याकडे असंच म्हणतात.

“चौधारी म्हंजे काय वो, महाराज?”

“चार धारांची शेंग. घेवड्याची चुलतबहीण समज.”

येसूबाय इतकी हरखली, की तशीच देवासमोर जाऊन हात जोडून म्हणाली, “नारायणा, ह्या वेलीचं पहिलं येईल ते तुला ठेवीन. तोवर मी भाताला शिवणार नाही.”

कोकणातल्या बाईनं भात सोडला! मासळीनं पाणी सोडल्यासारखंच की हे. महाराजांनी कपाळाला हात लावला.

“अगं बाय, बोलण्याआधी विचारायचं तरी.”

“बोलले आता,” येसूबाय म्हणाली. “देवानं ऐकलंन पण.”

झालं. नाचणीची भाकरी आणि आंबील यावर बाईचे दिवस सुरू झाले. वेल मात्र अशी सुटली की विचारू नका. आषाढात वई झाकली, श्रावणात देवळाच्या कौलांवर गेली. भाद्रपदात एक गाय वईला टेकून झोपली, ती उठेपर्यंत तिच्या शिंगांना दोन दोन वेढे पडले होते म्हणतात. पण फूल नाही की शेंग नाही, नुसती पानंच पानं.

आता गावात विसाजीपंत म्हणून एक बडे बागाईतदार होते. त्यांची वाडी ओहोळापलीकडे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, आश्विनातल्या एकादशीला देवळात उत्सव असायचा, सात गावची माणसं कीर्तनाला यायची, आणि त्या सगळ्यांच्या फराळाला रताळी विसाजीपंतांच्या वाडीतली. मानाची रताळी ती. आजोबा-पणजोबांपासूनचा मान. त्या मानानं पंतांची मान अशी ताठ झालेली, की देवासमोरही ते नुसते हात जोडायचे. वाकायचे नाहीत. म्हणायचे, “पगडी पडते.” पगडीही तशीच होती म्हणा, चुणीदार, कडांना झालरीसारख्या बारीक बारीक चुण्या. ती बांधायला एक माणूस आणि बघायला दोन लागायचे.

पंत रोज देवळात यायचे आणि वईपाशी थांबायचे.

“अगो येसू, आज काय लागलं वेलीला?”

“पानं आहेत ना, पंत.”

“पानं तर तेरड्यालाही असतात. ह्या वांझ वेलीपायी भात सोडलास? मरताना तोंडात पेज घालायची पंचाईत व्हायची हो तुझी.”

बरोबरची चार माणसं हसायची. येसूबाय खाली मान घालून झाडत राहायची. पण आश्विन उजाडला तशी तिची पाचावर धारण बसली. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. एक दिवस ती महाराजांना म्हणाली, “महाराज, वेल खोटी तर नाही ना?”

महाराज म्हणाले, “ती दिवस मोजते आहे. दिवस आखडायला लागले की काहींना बहर येतो. सगळ्यांना तरुणपणीच यायला हवा असं कुठे आहे?”

येसूबायनं स्वतःच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला.

दसरा झाला, एकादशी उजाडली. होड्या भरभरून माणसं आली, तीनशेच्या वर. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात, ते काय उगाच नाही. सगळे उपासाचे आणि सगळे भुकेले. पंत गडी घेऊन रताळी खणायला वाडीत गेले, आणि बघतात तो काय, आदल्या रात्री रानडुकरं येऊन सगळे वाफे उकरून गेलेली. एक रताळं शिल्लक नाही. नुसते खड्डे.

पंतांचा चेहरा असा झाला, की कोणाला बघवेना. पिढ्यांचा मान गेला, तोही सात गावांसमोर. तरातरा देवळाशी आले आणि येसूबायवरच कडाडले.

“हिनं केलं हे! वईवर हे रान माजवलंन, त्यात डुकरं दडली, आणि रात्री माझ्या वाडीत घुसली. आज ही वेल मुळासकट उपटतो.”

येसूबाय धावत आली, वेलीला मिठी मारून उभी राहिली. “पंत, नको. देवाला बोललेय मी. वेल गेली तर माझा शब्द खोटा पडेल, न् भात मरेपर्यंत सुटेल. सगळ्यांच्या समोर पाया पडते.”

“हो बाजूला.”

तेवढ्यात झोपडीतून महाराज बाहेर आले. सगळ्यांना वाटलं, आता ते पंतांना थांबवणार. महाराज म्हणाले, “येसूबाय, सोड वेल. पंतांना ओढू दे.”

येसूबायनं महाराजांकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं हात सोडले.

पंतांनी वेलीचा बुंधा उभ्यानंच दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. हलेना. पाय रोवून पुन्हा ओढला. माती फुटली, आणि मुळाबरोबर कंद वर आले. एक नाही, दोन नाही, दावणीला गाईगुरं बांधावीत तसे ओळीनं कंद. लांबट, तपकिरी, मनगटाएवढे.

लोकांनी गराडा घातला. मग कोणीतरी म्हणालं, “अहो, हे उपासाला चालेल का?”

“मातीच्या पोटातलं आहे,” महाराज म्हणाले. “रताळं चालतं, सुरण चालतो, ह्यानंच काय पाप केलंय? पण उकडून हो, कच्चं नाही. पंत, थांबलात का? ओढा.”

पंत ओढत गेले. मूळ संपेना. लोक खणत गेले, टोपल्या भरत गेल्या. मूळ वईखालून गेलं, पाणंद ओलांडून गेलं, ओहोळाखालून पलीकडे निघालं. ओहोळाखालून मूळ कसं गेलं, असं तुम्ही विचाराल. मला काय विचारता, मुळाला विचारा. तर ते शिरलं कुठे? पंतांच्या वाडीत. डुकरांनी जिथे जिथे रताळी खाल्ली होती, त्या प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी, डुकरांचं नाक पोचलं नाही तेवढ्या खोलीवर, चौधारीचे कंद बसलेले.

शेवटच्या खड्ड्यापाशी मात्र मूळ अडलं. पंतांनी उभ्यानं ओढून पाहिलं, गड्यांनी ओढून पाहिलं. येईना.

महाराज काठावर येऊन म्हणाले, “पंत, हा कंद असा नाही यायचा. वाकावं लागेल.”

पंत क्षणभर उभे राहिले. मग वाकले. जन्मात पहिल्यांदा वाकले, आणि पगडी सुटून थेट खड्ड्यात पडली. कंद अलगद हातात आला, तान्ह्या पोराएवढा. तो छातीशी धरून पंत तिथेच बसून राहिले.

“महाराज,” ते हळूच म्हणाले, “मी हिची वेल उपटायला निघालो, आणि हिनं माझी वाडी भरलीन.”

“पगडी काढू का वर?” गड्यानं विचारलं.

“राहू दे तिथेच,” महाराज म्हणाले. “एक कंदही ठेव जोडीला, आणि माती लोट.”

येसूबायनं पहिला कंद उकडला, वर खोबरं नि सैंधव घातलं आणि नैवेद्याला आणला. त्या दिवशी ती खांबाआड उभी राहिली नाही. देवासमोर पान तिनं स्वतः ठेवलं. मग पंगती बसल्या, तीनशे माणसं दोनदोनदा जेवून उठली, आणि टोपल्यांत एवढे उरले की होडीवाल्यांनी घरी नेले.

दुसऱ्या दिवशी द्वादशीला पारणं. येसूबायच्या पानावर वाफाळता भात वाढला तो बोडक्या डोक्याच्या विसाजीपंतांनी, आणि वर तूपही हात न आखडता घातलं. पहिला घास घेऊन येसूबाय थांबली.

“महाराज, एक विचारू? ह्या वेलीचं खायचं तरी काय काय?”

“पानं, फुलं, शेंगा, बी, कंद. सगळंच.”

“पानं पण? ती तर आषाढातच आली होती. तेव्हाच देवाला ठेवली असती, तर मी चार महिने भाताविना कशाला राहिले असते?”

“तू विचारलंस कुठे?” महाराज म्हणाले, आणि हसले. मग जवळ येऊन त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “खुडली असतीस तर खाली कंद भरले नसते, आणि काल तीनशे माणसं उपाशी गेली असती, बाय. तुझ्या चार महिन्यांचा भात काल त्यांनी खाल्ला.”

ते ऐकून पंतांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं. महाराजांच्या पायांवर डोकं टेकवलं, आणि वळून येसूबायच्या पायांवरही. ती बिचारी पाय आखडून घेत म्हणाली, “पंत, असं काय करता, मी उष्ट्या हातानं बसलेय.” पण पंतांना आता वाकायची गोडी लागली होती.

कार्तिकात दिवस आखडले, आणि पंतांच्या वाडीत, जिथे पगडी पुरली होती तिथून वेल वर आली. निळी फुलं, आणि मागोमाग शेंगा. चार धारांची शेंग, आणि प्रत्येक धारेला बारीक बारीक चुण्यांची झालर. गावानं बघितल्याबरोबर ओळखली. पगडीच ती.

खोटं वाटत असेल तर बाजारात चौधारी दिसली की हातात घेऊन बघा. आणि कंद हवा असेल, तर वाका.