हळदीच्या गाठीचा खण

एकदा एक कापडाचा व्यापारी भर दुपारी, पायातल्या चपला काढायचंही भान न राहून, एका वृद्ध गुरुजींच्या ओसरीवर येऊन बसला. गुरुजी पूर्वी तालुक्याच्या शाळेत शिकवत. आता गावातले लोक आपापले पेच घेऊन त्यांच्याकडे येत, आणि एक तरुण शिष्य त्यांच्यापाशी राहून माणसं ओळखायला शिकत होता. शिष्य हुशार होता यात वाद नाही. फक्त प्रश्न पुरता विचारून होण्याआधीच त्याच्या जिभेवर उत्तर तयार असे.

व्यापाऱ्याचा पेच असा होता. लग्नसराई तोंडावर आली होती. ओटीत घालायचे खण, ज्यांना आता सगळे ब्लाउजपीस म्हणतात, दरवर्षी या दिवसांत त्याच्या दुकानातून गठ्ठ्यांनी जात. गेल्या दोन हंगामांत मात्र गठ्ठे फडताळात तसेच पडून राहिले. तीन आठवड्यांनी मालाचा एजंट येणार होता. जवळ उरलेलं सगळं भांडवल घालून या वेळी एकदाच माल भरायचा होता. तो खपला तर ठीक, नाहीतर वडिलांनी उभ्या केलेल्या दुकानाला कुलूप लागणार होतं. तोडगाही त्याने स्वतःच काढून आणला होता. लोक कंजूष झालेत, तेव्हा आणखी पातळ, आणखी स्वस्त खण आणायचे, ते घेतीलच. गुरुजींनी फक्त मान डोलवावी एवढीच त्याची अपेक्षा होती.

गुरुजींच्या आधी शिष्याने मान डोलावली. महागाई वाढली की माणसाचा हात आखडतो आणि आखडल्या हाताला स्वस्तच माल लागतो, असं त्याने ठणकावून सांगितलं. व्यापाऱ्याचा चेहरा खुलला.

गुरुजींनी दोघांकडे पाहिलं आणि नमुन्याचा एखादा खण जवळ आहे का, एवढंच विचारलं. पिशवीतून आमसुली रंगाचा एक खण निघाला. म्हाताऱ्याने घरातून सुई आणली, दोरा हळदीच्या पाण्यात बुडवून काढला आणि खणाच्या एका कोपऱ्यात, आतल्या बाजूने, मोहरीएवढी गाठ मारली.

"उद्या तुमच्या घरी जी पहिली सवाष्ण येईल तिची ओटी शेठाणींना याने भरायला सांगा," ते म्हणाले. "आणि हा तुमच्या घरी परत येईपर्यंत एजंटाला शब्द देऊ नका."

व्यापारी उठला तो हसू दाबतच. ओटीत घातलेला खण परत येतो, हे त्याने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. गुरुजींचं वय झालं असं शिष्यालाही त्या दिवशी वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल त्याला रात्रभर वाईटही वाटत राहिलं.

पण कुतूहल मोठं चिवट. तिसऱ्या दिवसापासून शिष्य रोज संध्याकाळी व्यापाऱ्याच्या घरी जाऊन बसू लागला. दुकानदाराची बायको म्हणून शेठाणींना गावभरची आमंत्रणं असत. आज डोहाळजेवण, उद्या बारसं, परवा केळवण. त्या परतल्या की शिष्य ओटीतला खण मागून घेई आणि चारही कोपरे उलटून बघे. मोरपंखी आला, अबोली आला, पिवळा तर तीनदा आला. गाठ कुठेच नव्हती. व्यापारी म्हणे, "काय पंडित, सापडलं का हरवलेलं वासरू?" शिष्य ओशाळून घरी जाई, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट उमेदीने हजर होई. दिवस जात होते तशी एजंटाची तारीख जवळ येत होती, आणि आता शिष्याला गुरुजी खरे ठरावेत असं मनापासून वाटू लागलं होतं.

सतराव्या दिवशी शेठाणी पोस्टमनच्या घरून केळवण आटोपून आल्या. खण आमसुली होता. शिष्याने कोपरा उलटला. गाठ होती. मळली होती, पण हळदीचा पिवळा रंग अजून दिसत होता.

शिष्य आनंदाने जागच्या जागी उडालाच. शेठाणींचा मात्र पारा चढला. आपलीच ओटी आपल्याच पदरात, हा कसला मान, असं म्हणत त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि तशाच जाब विचारायला निघाल्या. गुरुजींनी शिष्याला आधीच बजावून ठेवलं होतं की खण परत आला तर तो आला त्या वाटेने मागे मागे जा आणि प्रत्येकीला एकच गोष्ट विचार, हा तुम्ही ठेवून का घेतला नाहीत. तेव्हा शेठाणी पुढे आणि शिष्य मागे अशी ती वरात निघाली.

पोस्टमनची बायको आधी कावरीबावरी झाली, मग चहा टाकते म्हणाली. तेलाची पिशवी कात्रीने चिरून तिने डब्यावर उलटी टांगून ठेवली होती, शेवटचा थेंब निथळावा म्हणून. पूर्वी तिच्याकडे पंधरा किलोचा डबा येई. खण गिरणीवालीकडून आला होता, आणि केळवणाला नवा आणायला जमलं नाही, हे तिने खाली बघून सांगितलं. शेठाणींचा आवाज तिथेच निम्म्याने उतरला.

गिरणीवाली अजिबात लाजली नाही. बायका आता दळण डब्याने आणत नाहीत, दोन किलोच्या पिशवीने आणतात आणि पीठ संपता संपता पुन्हा येतात, हे सांगताना तिचे हात चालूच होते. खण आणि टॉवेल तिला नर्सबाईंनी दिले होते. "खण दिला पुढं," ती म्हणाली, "टॉवेल कसा देईन? पोरगा त्याच दिवशी घेऊन आंघोळीला गेला."

नर्सबाईंनी दोघांना आत बसवलं. खण त्यांना फार आवडला होता. दुसऱ्याच दिवशी त्या शिंप्याकडे गेल्या होत्या. "चाळीस रुपयांचं कापड," त्या शेठाणींना म्हणाल्या, "आणि शिलाई साडेतीनशे, अस्तर वेगळं. वहिनी, तुम्ही सांगा, हा आहेर म्हणायचा की खर्च?" त्यांना तो खण एका शिक्षिकेने दिला होता. त्या शिक्षिकेचं नाव ऐकताच शेठाणींना वाटेचा शेवट कळला. पंधरा-सोळा दिवसांपूर्वी याच खणाने त्यांनी स्वतःच तिची ओटी भरली होती.

परतताना शिष्याच्या मनात नुसती खळबळ उडाली होती. इतकी वर्षं ज्या घरांवरून तो जात होता त्या घरांत इतकं काही चाललं होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. दुकानाच्या पायरीपासूनच तो बोलू लागला. गुरुजी आधीच गादीच्या कडेला येऊन बसले होते. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग ते व्यापाऱ्याला म्हणाले, "तुम्ही म्हणालात, लोक कंजूष झाले. कंजूष माणूस ओटी भरतच नाही. इथे चौघींनी चार ओट्या भरल्या, आणि दारी आलेल्या एकीचाही मान चुकवला नाही. महागाई घरात शिरली की बाई देणं सर्वांत शेवटी थांबवते. सर्वांत आधी थांबवते ते स्वतःसाठी शिवणं. खण तिला महाग झालेला नाही, त्याच्या पुढची शिलाई महाग झाली. जी भेट घेणाऱ्याला खर्चात पाडते ती कुणाच्या घरी टिकत नाही, मग ती कितीही स्वस्त असो. तुमचे पातळ खणही असेच फिरतील, आणि जे फिरतंय ते पुन्हा विकत कोण घेणार?"

व्यापाऱ्याला पटलं, पण पुरतं नाही. ही तऱ्हा हातावर पोट असलेल्यांची, असं काहीसं तो पुटपुटला. आपल्यासारख्यांच्या घरी कुठे असं असतं, म्हणून त्याने बायकोकडे पाहिलं.

शेठाणी दारातच उभ्या होत्या. "दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "मी एकही ब्लाउज शिवलेला नाही. जुनेच उसवून मोठे करते. दुकानाची काळजी तुम्हाला होतीच, त्यात माझी शिलाई कुठे सांगायची?"

व्यापाऱ्याने बायकोच्या बाहीकडे पाहिलं. जुन्या शिवणीची रेघ दंडावर स्पष्ट दिसत होती, आणि तिच्याशेजारी नवी टीप होती. अख्ख्या पेठेत कापड ओळखणारा म्हणून नाव असलेल्या माणसाला आपल्याच घरातलं हे कापड दोन वर्षं दिसलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने लपवलंही नाही. शिष्याला पहिल्यांदाच काही सुचवावं असं वाटलं नाही.

चार दिवसांनी एजंट आला, तेव्हा गुरुजी आणि शिष्यही दुकानात बसले होते. त्याने गादीवर पातळ, झगमगीत खणांचा ढीग मांडला आणि यंदाचा भाव किती पडला आहे ते तो उत्साहाने सांगू लागला. व्यापाऱ्याने त्याला मध्येच थांबवलं, बायकोला आतून बोलावलं आणि स्वतः सरकून तिला गादीवर जागा दिली. असं त्या दुकानात आजवर कधी घडलं नव्हतं. शेठाणींना गिरणीवालीच्या पोराने नेलेला टॉवेल आठवला आणि त्यांनी खण बाजूला सारले. नमुन्यांच्या तळाशी टॉवेल आणि पंचे होते, ते ओढून वर काढले, एक टॉवेल मुठीत घट्ट दाबून सोडला आणि विचारलं, "हा पाणी टिपतो का?"

एजंट गडबडला. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं, सगळे भावच विचारत. गुरुजींच्या मागे बसलेला शिष्य आतुरतेने पुढे झुकला, कारण उत्तर त्यालाही ठाऊक नव्हतं.

महागाईची बातमी आपण बाजारात शोधत हिंडतो. आपल्याच घरात कुणी काय गुपचूप थांबवलं आहे, ते आधी एकदा विचारून पाहावं.